पैलतीरचा विस्तव

“…पण पूल तर बांधून झाला ना, बाबा? मग माणसं का येत नाहीत?”

रुद्राजीचा आवाज जरा चढलाच. समोर केवळनाथबाबा भिजवलेले हरभरे चावत बसले होते. तोंडात दात मोजकेच उरलेले, त्यामुळे एकेका हरभऱ्याला बराच वेळ लागत होता.

रुद्राजी थांबला. थांबण्यावाचून इलाज नव्हता.

“कोणीच येत नाही?” बाबांनी शेवटी विचारलं.

“शेळ्या येतात.”

“आणि?”

“आणि… सरकारी माणसं.”

“म्हणजे शेळ्याच,” बाबा म्हणाले आणि त्यांनी पुढचा हरभरा तोंडात टाकला.

आता हा रुद्राजी म्हणजे कोणी ऐरागैरा नव्हता, बरं का. मालखंडाचा कारभारी होता तो. सरवणा नदीच्या अलीकडचा मुलूख आणि पलीकडचा मुलूख मिळून मालखंड. थोरले महाराज गेले, दोघे राजपुत्र गादीवरून भांडले, एकानं हा तीर धरला, दुसऱ्यानं तो. बघता बघता ज्यांच्या घरात मुली दिल्या होत्या त्यांच्याच अंगावर लोक तलवारी घेऊन धावले. किती वर्षं चाललं ते विचारू नका. लढाई सुरू झाली तेव्हा जी पोरं रांगत होती, ती लढाई संपेस्तोवर गुरं राखायला लागली.

शेवटी पलीकडचा राजपुत्र पडला. अलीकडच्याला गादी मिळाली. आणि अलीकडची फौज ज्यानं चालवली, तो रुद्राजी कारभारी झाला.

त्यापेक्षा लढाई सोपी होती, असं आता त्याचं त्यालाच वाटायला लागलं होतं. एक झेंडा झाला. गावोगाव दवंडी पिटून झाली की आजपासून ऐल नाही, पैल नाही, सगळा मालखंड एक. दवंडीवाल्याचा घसा बसला. बाकी काही झालं नाही.

मग त्यानं पूल बांधला. दगडी, देखणा. नदीच्या मधोमध बेट आहे, तिथं पुलाचा सगळ्यात मोठा खांब बसवला, आणि खाली उतरायला पायऱ्या काढल्या. त्याच बेटावर बाबांची झोपडी. पूल झाल्यापासून बाबांच्या डोक्यावर सावली आली, एवढा मात्र फायदा झाला.

“होळीला महाराज इथं येणार आहेत,” रुद्राजी म्हणाला. “दोन्ही तीरांच्या लोकांनी बेटावर जमायचं, एकच होळी पेटवायची, असा हुकूम निघालाय. लोक आले तर ठीक…”

“आणि नाही आले तर?”

“तर सेनापती हिंदुराव टपूनच बसलेत. पैलतीरावर फौज बसवा म्हणतात. घरटी पहारा. फौज बसली की कोणीतरी दगड उचलणार. दगडाला तलवार निघणार. मग पुन्हा तेच सगळं, बाबा. मला पाठ आहे ते.”

“पैलतीर म्हणजे कुठला?”

रुद्राजीनं पलीकडे बोट दाखवलं.

“असं होय,” बाबा म्हणाले. “मला इथून दोन्ही पैलच दिसतात.”

रुद्राजीला राग आला. राजधानीत त्याच्यासमोर सरदार हात बांधून उभे राहत, आणि इथं हे बोळकं झालेलं म्हातारं त्याला शब्दांत खेळवत होतं.

“बाबा, कोडी नकोत. देश जोडायचा कसा, तेवढं सांगा.”

“धुनी पेटवायची आहे.”

“मी देशाचं विचारतोय.”

“मी पण तेच सांगतोय.”

बाबांच्या पुढ्यात धुनीचा खड्डा होता. थंडगार. कडेला गवत उगवलं होतं.

ही धुनी एकेकाळी बारा महिने तेरा काळ पेटलेली असायची. दोन्ही तीरांवरच्या बायका, घरचा विस्तव विझला की होडीत बसून यायच्या आणि खापरात निखारे घेऊन जायच्या. जाता जाता बाबांना दोन भाकरी, एखादी वांग्याची भाजी. बाबांना चूल म्हणून मांडावी लागली नाही कधी.

मग एका संध्याकाळी बायका आल्या नाहीत, पुरुष आले. आधी एका तीरावरचे, मग दुसऱ्यावरचे. त्यांनीही धुनीतूनच घेतलं, पण मशालींवर. त्या रात्री दोन्ही तीर पेटले. सकाळी बाबांनी धुनीवर पाणी ओतलं, आणि तेव्हापासून हे हरभरे.

“एवढंच ना?” रुद्राजीनं कमरेची चकमक काढली. “आत्ता पेटवतो.”

“चकमकीची आग होते. मला विस्तव पाहिजे.”

“आग काय, विस्तव काय… एकच की ते.”

बाबांचं चावणं थांबलं. त्यांनी रुद्राजीकडे असं पाहिलं की त्याची चकमक आपोआप कमरेला परत गेली.

“पैलतीरावरून विस्तव आण,” ते म्हणाले. “मग बघू.”

रुद्राजी माणूस कामाचा. सांगितलं की करून मोकळा. त्यानं दोन स्वार पिटाळले, आणि ऊन कलायच्या आत धडधडती मशाल घेऊन ते परत आले.

“घ्या, बाबा. पैलतीरचा विस्तव.”

बाबांनी स्वारांकडे पाहिलं. “कुठून आणलात?”

“निंबाऱ्यातून. वेशीतून शिरल्यावर पहिलंच घर.”

“कोणी दिला?”

स्वार एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. “दिला म्हणजे… आत शिरलो, चुलीत मशाल घातली.”

“घरात कोण होतं?”

“एक म्हातारी होती.”

“काय म्हणाली?”

“काही नाही. भिंतीला पाठ लावून उभी राहिली.”

बाबांनी मशाल मागून घेतली. पाण्यापर्यंत चालत गेले आणि ती नदीत बुडवली. चर्र झालं, धूर निघाला, संपलं.

“ही आग होती,” ते म्हणाले. “अशी इथं पूर्वीही येऊन गेली आहे… आता तू जा.”

“मी?”

“शेळ्यांना जमतं, तुला जमणार नाही?”

रुद्राजीचा तोल सुटला. “बाबा, तुम्हाला काय माहीत नाही का? आमच्यात आणि त्यांच्यात विस्तव जात नाही!”

“हो, ऐकलंय तसं,” बाबा म्हणाले. “म्हणून तर विस्तव म्हणतोय.”

रुद्राजीच्या तोंडातून गेलेला शब्द आता त्याच्याकडेच बघत होता.

“निंबाऱ्यात तुझं कोणी नाही?”

“…नाही.”

बाबांनी हरभऱ्यांची वाटी पुढे केली. रुद्राजीनं एक उचलला. तोंडात टाकला नाही, नुसता बोटांत फिरवत राहिला.

“होतं,” तो म्हणाला.

होती म्हणजे, त्याची अक्का होती. गिरजा. आई लहानपणी गेली, तेव्हा याला अंगाखांद्यावर वाढवलं ते तिनं. तिचं लग्न निंबाऱ्याच्या हैबतीशी झालं, तेव्हा नवरीच्या पदराला धरून हा होडीत चढून बसला होता, उतरायला तयारच होईना. पुढे लढाई पेटली. निंबाऱ्याच्या उतारावर हैबती पडला. समोरच्या फौजेच्या तोंडाशी घोड्यावर होता, तो रुद्राजी.

तेव्हापासून दोघांत बोलणं नाही. मधे एक अख्खी नदी होती सबब सांगायला. आता तीही उरली नव्हती, पूल झाला होता. आणि पूल यानंच बांधला होता!

बाबा झोपडीत जाऊन एक खापर घेऊन आले. फुटलेल्या माठाचा खोलगट तुकडा, तळाला चिमूटभर राख. रुद्राजीनं एका हातानं ते घेतलं. दुसरा हात तलवारीच्या मुठीवर होता.

“खापर दोन्ही हातांनी धरावं लागतं,” बाबा म्हणाले.

तलवार बेटावरच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालखंडाचा कारभारी, हातात खापर घेऊन, पूल ओलांडून निघाला. अलीकडच्या घाटावर धुणं धुणाऱ्या बायकांनी हात थांबवले. एकीनं दुसरीला कोपरानं ढोसलं. त्यानं मान वर केली नाही. पूल इतका रुंद आहे हे त्याला पहिल्यांदाच जाणवलं. एकट्या माणसाला तो फार रुंद होता.

निंबाऱ्यात निम्म्या घरांवर नवं छप्पर होतं, निम्म्यांवर छप्परच नव्हतं. लोक दारात आले आणि याला ओळखून आत गेले. कोणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं त्याला.

वेशीतलं पहिलं घर टाकलं की दुसरं अक्काचं.

अक्का अंगणात गोवऱ्या थापत होती. कोपरापर्यंत शेण, आणि कपाळ मोकळं. ते मोकळं कपाळ बघून रुद्राजी अंगणाच्या कडेलाच थांबला.

तिनं मान वर केली. पाहिलं. पुन्हा खाली घालून एक गोवरी थापली.

“अक्का…”

“मेणा कुठाय?”

“मेणा?”

“मागे मेणा आला होता मला न्यायला. त्याच्या आधी लुगडं आलं होतं. तू काही कधी आला नव्हतास, म्हणून विचारलं.”

“तू सगळं परत पाठवलंस. मला वाटलं, माझं तोंडही तुला बघायचं नाही.”

“नव्हतंच बघायचं.” तिनं गोवरीवर हात आपटला. “पण तू दाखवायला तर यायचंस, मेल्या!”

रुद्राजीला पुढचं दिसेना. डोळे भरून आले होते, आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

“दाजी पडले त्या दिवशी, अक्का, मी…”

“नको,” ती म्हणाली. “त्यांचं नाव आज नको काढूस. पुन्हा येशील तेव्हा काढ.”

अक्कानं हात धुतले. लुगड्याला पुसले.

“हातात काय आहे?”

“खापर.”

“ते दिसतंय मला. आणलंस कशाला?”

“विस्तव मागायला आलोय. बाबांची धुनी पेटवायची आहे.”

अक्का हसली. ते हसणं ऐकवत नव्हतं. “चांगलं घर धुंडाळलंस! अरे, माझ्या घराला विस्तव बंद आहे, रुद्या. कारभाऱ्याची बहीण ना मी. कोण देणार मला? चकमक झाडते, चूल पेटवते, भाकरी झाली की पाणी मारते. राखून ठेवायचा तरी कोणासाठी?”

तिनं दार ढकललं. चूल थंड होती. सारवलेली, नीट, आणि थंड.

हे रुद्राजीच्या हिशेबातच नव्हतं. अक्का नाही म्हणेल, हाकलून देईल, एखादी थोबाडीत देईल, सगळं त्यानं पुलावर घोकून ठेवलं होतं. पण तिच्याकडे द्यायला विस्तवच नसेल, आणि तो आपल्यापायी नसेल, हे काही सुचलं नव्हतं.

तो तसाच वळला.

“निघालास?”

“शेजारी जातोय.”

“ठकूबाईकडे? काठी घालेल डोक्यात! तिचा मुलगा भिवा त्याच दिवशी गेला, ह्यांच्या बरोबरीनं…”

पण तो गेला होता.

ठकूबाई उंबऱ्यात बसून सुपात तूर निवडत होती. भिंतीला पाठ लावून उभी राहिलेली म्हातारी ती हीच. तिनं आधी खापर पाहिलं, मग माणूस पाहिला.

“काय पाहिजे?”

“विस्तव पाहिजे होता, मावशी.”

“अगंबाई, विचारतोस? काल तुझी माणसं न विचारता घेऊन गेली की. बरीच सुधारणा आहे म्हणायची.”

रुद्राजीनं मान खाली घातली.

“आणि त्या वेळी आलात, मशाली घेऊन, तेव्हा विचारलं होतंत कोणी? ‘बाई, तुमच्या घराला आग लावू का?’ म्हणून?”

याला उत्तर होतं. आमच्याकडची गावंही तुम्ही जाळलीत, आमचीही पोरं गेली, हे सगळं जिभेच्या टोकावर आलं होतं. दरबारात तो हेच बोलायचा आणि लोक माना डोलवायचे. इथं सुपातली तूर वाजत होती फक्त.

त्यानं ते गिळलं. पायरीवर बसला.

“माझ्यासाठी नको देऊ, मावशी. अक्काच्या चुलीसाठी दे.”

सूप थांबलं.

“गिरजेच्या? तिच्या चुलीला काय धाड भरली?”

“तिच्या घराला विस्तव बंद आहे ना.”

“कोणी केला बंद?”

“…गावानं.”

“गाव म्हणजे कोण? शेजारी मी आहे, मला कसं माहीत नाही?” म्हातारीचा आवाज तापला. “तीच कधी मागायला आली नाही! माझा भिवा गेला, मला वाटलं, ही तरी येईल. हिचाही धनी गेलाय, दोघी मिळून रडू. रोज सकाळी चुलीत निखारा झाकून ठेवायची, गिरजा येईल म्हणून. ताठा केवढा! कारभाऱ्याची बहीण पडली ना!”

“ताठा कोणाचा, ठकूबाई?” दोन अंगणांमधल्या कुडापलीकडून अक्काचा आवाज आला. ती कधीची कान देऊन उभी होती. “पाणवठ्यावर मला बघून तोंड कोणी फिरवलं?”

“ऊन आलं असेल डोळ्यावर!”

“रोज?”

“रोजच येतं ऊन! तुझ्या भावाच्या हुकमानं उगवतं का ते?”

“मग हाक मारायला काय झालं होतं?”

“तुला मारायला काय झालं होतं?”

कुडाच्या अल्याडपल्याड दोघी तोंडाला तोंड देत होत्या, आणि मधे पायरीवर मालखंडाचा कारभारी खापर धरून बसला होता. मोठमोठे तह त्यानं केले होते. इथं मधे एक शब्द घालायची त्याची छाती झाली नाही.

मग कुडापलीकडे कोणीतरी नाक ओढलं. ठकूबाईनं सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात देऊन उठली, आत गेली. आली ती चिमट्यात लालबुंद निखारे धरून.

“धर नीट. सांडशील. पहिल्यांदा तिच्या चुलीत घाल. तुझं मग.”

अक्कानं चुलीत गोवरीचे तुकडे रचले, वर निखारे ठेवले, फुंकणी घेतली. घरभर धूर झाला. दोघांच्याही डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहिलं. धुरानं, असं दोघंही म्हणाली.

मग तिनं पीठ मळलं. भाकरीचा आवाज, तव्यावरचा वास, सगळं जिथल्या तिथं होतं. रुद्राजी चुलीपाशी उकिडवा बसून बघत राहिला. लहानपणी बसायचा तसाच.

पहिली भाकरी तिनं त्याला वाढली. दुसरी ठकूबाईला नेऊन दिली, ती मात्र कुडावरून नाही, तर दारातून जाऊन. तिसरी फडक्यात बांधून रुद्राजीच्या हातात ठेवली. “बाबांना. किती वर्षं हरभरे खातायत बिचारे.”

आणि चुलीतले दोन निखारे काढून तिनं खापरात घातले. वर राख ओढली.

“राखेखाली झाकलेला राहू दे. सारखा उघडून बघू नकोस.”

“नाही बघत.”

“बघशील. तू लहानपणी पेरलेलं बी उकरून बघायचास, उगवलं का म्हणून.”

दारात ठकूबाई काठी घेऊन उभी. “मी येते पुलापर्यंत. खरंच नेतो का वाटेत टाकून देतो, बघायला नको? सरकारी माणसं ही.”

निघाली वरात. पुढे खापर, मागे काठी. गल्लीच्या तोंडाशी रुद्राजीनं हळूच राख बाजूला केली. होता, लाल होता. चिंचेखाली पुन्हा बघितलं. पुलाच्या तोंडाशी पुन्हा. आता काय सांगावं! जन्मभर ज्यानं कशाची वाट पाहिली नाही, त्याला राखेवर भरवसा कसा ठेवायचा ते कुठून येणार?

म्हातारी पुलापाशी थबकली. तिच्या मागून दोनचार बाया आल्या होत्या, त्याही थबकल्या. नुसतं बघायला आलो, अशा चेहऱ्यानं.

“मजबूत आहे का रे हा?”

“हत्ती गेलाय वरून, मावशी.”

“हत्तीचं काय! त्याला हाकतील तिकडे जातो तो.”

तिनं काठीनं पहिला दगड ठोकून पाहिला. दुसरा ठोकला. मग पाऊल टाकलं. तिच्या मागे बायांनीही टाकलं. रुद्राजीनं मागे वळून पाहिलं नाही, कारण त्याचा जीव खापरात अडकला होता. पुलावर वारा जोराचा, आणि त्यानं पुन्हा एकदा राख बाजूला केलेली होती.

बेटावर गर्दी होती. कारभारी तलवार टाकून खापर घेऊन गेला, ही बातमी अलीकडच्या घाटावरून गावात पोचायला कितीसा वेळ लागणार? धुणं तसंच टाकून बायका आल्या होत्या. पुरुष पायऱ्यांवर उभे होते. बाबा धुनीच्या खड्ड्यापाशी बसले होते, गवत उपटून.

रुद्राजी गुडघ्यांवर बसला. खापर खाली ठेवलं. राख बाजूला केली.

काळं.

त्यानं बोटानं उकरलं. फुंकर घातली. पुन्हा उकरलं. एक ठिणगीसुद्धा नाही.

हिंदुरावांचं तोंड त्याच्या डोळ्यापुढे आलं. हे तर एवढंसं होतं, दोन निखारे नदीपार आणायचे. तेवढंही ज्याला जमत नाही, तो काय देश जोडणार? अक्काच्या चुलीतला विस्तव, आणि आपण तो वाटेत घालवला…

“उघडून बघितलास ना?” मागून ठकूबाई कडाडली. “किती वेळा बघितलास? गिरजा सांगत होती, झाकून ने म्हणून! एवढी फौज सांभाळतोस, आणि एक निखारा सांभाळता येत नाही?”

पैलतीरची म्हातारी कारभाऱ्याला भर लोकांत झाडत होती. आता काय होतं, म्हणून अलीकडचे पुरुष सरसावून उभे राहिले.

तेवढ्यात घाटावरच्या बायकांतली एक, ओला पदर खोचलेली, पुढे झाली.

“अहो आजी, त्याचं काय घेऊन बसलात! आमच्याकडच्या पुरुषांना मेलं कुठलं कळतंय यातलं?”

ठकूबाई वळली. तिला आपादमस्तक न्याहाळलं. कधी भेटलेली नव्हती, आणि तरी रोजची ओळख असल्यासारखी उभी होती ती.

“तुमच्याकडच्या?” म्हातारी म्हणाली. “आमचे काय वेगळे आहेत होय? तसलेच हो, तसलेच!”

कोणीतरी फिस्कन हसलं. मग दुसरीकडून कोणीतरी हसलं. कोण कुठल्या तीरावरची, हसण्यावरून काही कळेना. एकीनं आपल्या नवऱ्याचा चूल विझवल्याचा किस्सा काढला, दुसरीनं त्यावर कडी केली. पायऱ्यांवरचे पुरुष ओशाळून नदीकडे बघायला लागले, दोन्हीकडचे.

रुद्राजीच्या कानावर यातलं काही येत नव्हतं. तो खापराकडे बघत बसला होता.

“बाबा…” त्यानं खापर पुढे सरकवलं. “विझला.”

बाबांनी फडकं सोडलं. भाकरी काढली, मोडली. आत अजून ऊब होती. पापुद्रा सुटून वाफेची एक बारीक रेघ निघाली. त्यांनी तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटून सावकाश चावत राहिले…

रुद्राजी थांबला.

“विझला ना?” बाबा म्हणाले. “बरं झालं. उद्या परत मागायला जा.”